सुपडू पाटलांचे अर्धे केळे

तापीकाठच्या एका गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्याजवळ एक शिष्य शिकत होता. बुद्धीने तल्लख, पाठांतराला पक्का. एके सकाळी शेजारच्या गावातून सुपडू पाटील नावाच्या केळी-बागाईतदाराची सून वैद्यांकडे आली.

"आबांनी अन्न टाकलंय," ती म्हणाली. "सासूबाई गेल्या तेव्हापासून घोटभर ताक घेतात, बस. उठताना भोवळ येते. काल अंगणात पडले. घरात केळीचे घड टांगलेत, पण एक केळं तोंडात घालत नाहीत."

वैद्यांनी पिशवी उचलली, शिष्याला सोबत घेतले आणि तिघे पायी निघाले. पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आले.

सुपडू पाटील ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. गालफडे बसलेली, नजर अंगणात कुठेतरी. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिले. रोग असा सापडला नाही. देह मात्र खंगत चालला होता. सुनेने एक केळे सोलून ताटलीत ठेवले, सासऱ्यांपुढे सरकवले आणि ती मर्यादेने आत गेली.

शिष्य उत्साहाने पुढे सरसावला.

"आबा, पिकलेले केळे मधुर आहे, शीतल आहे. त्यातली साखर थकलेल्या देहाला लगेच शक्ती देते. स्नायूंना बळ येते, कोठा साफ राहतो. चावण्याचेही श्रम नाहीत. आपण तर आयुष्यभर हेच पिकवले!"

पाटलांनी मान हलवली. वाटेत कुणी हवापाण्याचे बोलले की आपण हलवतो, तशी. ताटलीतल्या केळ्यावर माशी येऊन बसली.

तेव्हा वैद्य उठले. तुळईला टांगलेल्या घडाच्या अगदी खालच्या फणीतले एक केळे त्यांनी तोडले, पाटलांच्या शेजारी मांडी घातली आणि ते स्वतःच खाऊ लागले. शिष्य लाजेने चूर झाला. रोगी उपाशी, आणि वैद्य खातो आहे!

पाटलांची नजर अंगणातून वळून वैद्यांच्या हातातल्या केळ्यावर आली. मग खरखरीत आवाज आला.

"ते अजून हिरवट आहे."

"हं, जरा तुरट लागतंय खरं," वैद्य म्हणाले आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

"खाली कशाला हात घातला? वरची फणी आधी पिकते." पाटील अस्वस्थ झाले. "माझ्या ओसरीवर पाहुण्यानं कच्चं खायचं म्हणजे काय!"

ते भिंतीला धरून उठले. शिष्याने कोपराला आधार दिला. पाटलांनी वरची फणी बोटांनी चाचपली, एक केळे निवडले आणि वैद्यांपुढे धरले.

वैद्यांनी ते सोलले, मधोमध मोडले आणि अर्धे पाटलांच्या हातावर ठेवले. "सगळं मला जायचं नाही. घ्या."

पाटील त्या तुकड्याकडे पाहत राहिले. "बागेतून आलो की आम्ही दोघं असंच बसायचो," ते म्हणाले. "ती बोलत राहायची, मी खात राहायचो."

त्यांचे डोळे भरून आले. वैद्य आपले अर्धे सावकाश खात राहिले. थोड्या वेळाने पाटलांनीही पहिला घास घेतला.

निघताना वैद्यांनी सुनेला बाजूला बोलावले. "संध्याकाळी आणखी अर्धं द्या. एकदम जास्त नको, रिकाम्या पोटाला सोसत नाही. उद्यापासून मऊ खिचडी. आणि आबांचं ताट एकट्याचं मांडू नका."

"मी शेजारी बसले तर चालेल?" तिने भीतभीत विचारले.

"तुम्हीच बसा."

वाटेत शिष्य म्हणाला, "गुरुजी, आपण मुद्दाम कच्चे केळे घेतलेत ना?"

"नाही रे. भूक लागली होती, हाताला आले ते तोडले." वैद्य थोडे हसले, मग गंभीर झाले. "तू सांगितलेस त्यात एक अक्षर चूक नव्हते. केळ्यात साखर आहे, बळ आहे. पण ते घासाबरोबरच आत जाते, आणि त्या घरात घास उचलायला सोबत उरली नव्हती. सून प्रेमाने वाढते आणि मर्यादेने निघून जाते. तूही उभ्यानेच गुण सांगितलेस. रोग्यापाशी आधी बसावे, बाळ. पथ्य मग सांगावे."

पुढच्या बाजाराच्या दिवशी सून निरोप घेऊन आली. आबा दोन वेळा जेवत होते, काठी टेकत बागेत जाऊन येत होते. "काल तर पाणी चुकीच्या सरीत सोडलं म्हणून माझ्यावर ओरडले!"

"ओरडले?" वैद्यांचा चेहरा उजळला. "मग आता काळजी नाही."

त्या दुपारी शिष्याने गुरूंचे पान वाढले. एरवी तो वाढून अंगणात जाई आणि गुरूंचे जेवण उरकल्यावर आपले घेई. आज त्याने शेजारी दुसरा पाट मांडला. वैद्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिले आणि आपले पान जरा सरकवून त्याला जागा करून दिली.