तात्यासाहेबांचा कोपरा

ज्या घरात पुरुषाला एकांत हवा असतो आणि बाईला फक्त हाक ऐकू यायला हवी असते, त्या घरचा चहा तुम्ही सगळ्यांनी प्यायलाय. वर कपही तिथेच ठेवून आलाय.

सांगलीचे वकील तात्यासाहेब खर्डेकर यांनी गच्चीवर खास स्वतःसाठी खोली बांधली. आरामखुर्ची, पंखा, आतून कडी आणि बाहेरून कुलूप. त्यांची सून वैजयंती तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर पुस्तक ठेवून करायची. पान उलटायच्या आत हाक यायची. परीक्षा तोंडावर आली, तेव्हा तिने ती खोली दुपारपुरती मागितली.

तात्यासाहेबांनी उत्तर दिलं ते खोली बघायला आलेल्या मित्रांसमोर.

"सूनबाई, पुरुषाला घरात हा एवढा कोपरा. बायकांना वेगळी खोली कशाला? अख्खं घर तुमचंच की! खोटं असेल तर सांग, आत्ता किल्ली देतो."

मित्र खो खो हसले.

"खोटं कसं म्हणू, मामंजी?" वैजयंती म्हणाली. "पण सासऱ्यांनी कोपऱ्यात बसायचं आणि सुनेनं अख्खं घर बळकावायचं, हे शोभत नाही. अदलाबदल करू. घर तुम्ही घ्या, मी कोपऱ्यात भागवते."

तेवढ्यात खाली कुकरची शिट्टी झाली. ती जागची हलली नाही. दुसरी झाली.

"मामंजी, तुमच्या घरातून हाक येतेय."

हसणाऱ्यांची तोंडं उतरली. तात्यासाहेबांनी किल्ली पुढे केली, पण त्यांना मान वर करवेना.

जिन्यात सासूबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "वैजू, तुझी परीक्षा झाली की मला तिथे घटकाभर नुसतं बसू देशील?"