शेवटचं कडवं

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की तेव्हा पाखरं माणसांशी बोलायची आणि माणसं ऐकूनही घ्यायची.

एका गावात एक धनगर होता. माळावर मेंढरं चारताना तो एक गाणं म्हणायचा. काय सांगू तुम्हाला! नांगर धरलेला माणूससुद्धा थबकायचा. पुढे धनगर वारला. पण माळावरच्या मैनांनी ते गाणं ऐकून ऐकून पाठ केलं होतं. एका व्यापाऱ्याने हे हेरलं, जाळं टाकून साऱ्या मैना धरल्या आणि जत्रेत विकायला मांडल्या.

गावात गोदूबाई नावाची तेलीण होती. एकटी बाई. एक घाणा, एक बैल आणि एक शेळी, एवढाच तिचा संसार. धनगराचं गाणं कानी पडलं की तिचा दिवस सोपा जायचा. तिने घागरभर तेल देऊन मैना घेतली. मैना गायली, तशी बाई ढसाढसा रडली.

पुढच्या जत्रेला व्यापारी पुन्हा हजर. "बाई, तुमच्या मैनेला आलाप कुठे येतो? हिला येतो बघा." गोदूबाईने शेळी दिली. त्याच्या पुढच्या जत्रेला तसलीच मैना, फक्त पिंजरा पितळी! "खऱ्या दर्दी माणसासाठी आहे हो ही." बाईने कानातल्या बुगड्या काढून दिल्या.

घरोघरी हेच चाललं होतं. आता मला सांगा, याला व्यापार म्हणायचं की दरोडा? आणि वर हा शहाणा विचारायचा, "मी कुणावर जबरदस्ती केली का?" वा रे वा! लोकांची दुखरी नस दाबून धरायची आणि वर साळसूदपणे हात जोडायचे!

मग एका जत्रेला तो गोदूबाईच्या दारातच आला. म्हणाला, "गाण्याचं शेवटचं कडवं धनगर दूर माळावर, एकटा असताना म्हणायचा. ते फक्त या मैनेला येतं. बैल द्या आणि घ्या."

बैल गेला तर घाणा बंद. घाणा बंद तर चूल बंद. पण ते कडवं ऐकल्याशिवाय बाईला चैन पडेना. डोळे पुसत तिने बैलाचं दावं सोडलं.

तेवढ्यात तिची पहिली मैना पिंजऱ्यातून ओरडली, "थांब गं बाई! बैल देऊ नकोस! ते कडवं मला येतं. आम्हा सगळ्याच मैनांना येतं, पहिल्यापासून!"

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

मैनेने मान वळवली. मानेवर पिसंच नव्हती. "तिथवर आले की हा मान आवळायचा. म्हणायचा, गिऱ्हाइकापुढे गायलीस तर मुरगाळून टाकीन. भ्याले गं मी. पण तुझ्या हातचे दाणे खाल्लेत, तुझं वाटोळं कसं बघू?"

आणि ती अख्खं गाणं गायली. शेजारपाजारच्या मैनांनीही सूर धरला.

गोदूबाईने शेवटचं कडवं डोळे मिटून ऐकलं. मग पदर खोचला. "मेल्या, पहिल्याच दिवशी अख्खं गाणं देऊन बैल मागितला असतास, तरी हसत दिला असता! तू माझ्या वेडाचे तुकडे केलेस आणि मलाच विकलेस!"

तिने आपले सगळे पिंजरे उघडले. बघता बघता गावानेही उघडले. मैना गावच्या पिंपळावर जाऊन बसल्या आणि रोज गाऊ लागल्या, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांसाठी.

पुढच्या जत्रेला व्यापारी चांदीचा पिंजरा घेऊन आला. कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या डोक्यावर पिंपळात गाणं चाललं होतं, शेवटच्या कडव्यासकट.

तात्पर्य: लोकांच्या प्रेमावर जगून त्याच प्रेमाला जो लुबाडतो, त्याच्या हाती शेवटी रिकामा पिंजराच उरतो.