पातोळी आणि हळदीचं पान

फार मागे, कोकणातल्या एका स्वयंपाकघरात तांदळाच्या पिठाला आपल्या शुभ्रपणाचा भारी ताठा होता. पोटात गूळखोबरं घेऊन ते हळदीच्या पानात निजलं नि म्हणालं, “पातोळी मी होणार. तू मात्र उकिरड्यावर जाणार!”

“जाईन हो,” पान म्हणालं, “आधी तुला नीट शिजू दे.”

वाफ चढली तसं पीठ घाबरून पाघळायला लागलं. पानाने त्याला घट्ट पोटाशी धरलं. पिठाची पातोळी झाली; पान पार काळवंडलं.

द्वारकावहिनींनी पान सोलून टाकलं. माहेरपणाला आलेल्या नणंदेने पातोळी उचलली, हुंगली आणि डोळेच मिटले.

“वैनी, पान कुठच्या परसातलं गो?”

पातोळीने स्वतःकडे पाहिलं. पांढऱ्या अंगावर पानाची शीर न् शीर उमटली होती, आणि दरवळत होतं तेही पानच.