कणवेल आणि माश्यांचा वाटा

फार फार वर्षांपूर्वी, कड्यांना पायऱ्या नव्हत्या आणि माणसांना फारशी घाई नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातल्या एका गावात गोमा नावाचा मध काढणारा राहत होता. कमरेला दोर बांधून तो कड्यावरून उतरे, धूर करी आणि पोळं कापी. पण अख्खं पोळं त्याने कधी कापलं नाही. थोडं मागे ठेवून तो म्हणे, “हा माश्यांचा वाटा.” लोक हसत. माश्या काय भांडायला येणार होत्या?

एके दिवशी दोर तुटला. गोमा दगडांवर पाठीवर आपटला. जीव वाचला, पण पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं अंग लाकडासारखं झालं. चिमटा काढला तरी कळेना. बायको पारू समोर नसली, की तो आपल्याच पायांकडे परक्याचे असल्यासारखा बघत बसे.

पारूने पलीकडच्या रानातल्या म्हाताऱ्या वैदीणबाईंना आणलं. बाईंनी पाठ चाचपली, तळव्याला काडी टोचून पाहिली.

“कणवेल म्हणून एक वेल हाय,” त्या म्हणाल्या. “पाठ मोडलेली एक हरणी तिच्या पाल्यानं उभी राहिलेली मी पाहिलीय. पण हरणीला गुण आला म्हणून माणसाला येईलच, असं मी सांगणार न्हाई.”

“मग काय करायचं, आजी?” गोमाने विचारलं.

“धीर धरायचा. रोज ताजा पाला, रोज पाय चोळणं. बाकी वेलीच्या हाती.”

पारू पाल्याचा कडू रस मधात कालवून चाटवू लागली. तासन्‌तास पाय चोळू लागली. महिने गेले. पाय ढिम्म.

एका सकाळी चाटण देताना मधाचा थेंब गोमाच्या अंगठ्यावर सांडला. त्यावर एक माशी येऊन बसली. पारूने पदराने हाकलली, तशी ती चिडली आणि डसली.

“आई गं!” गोमा ओरडला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग पारू रडू लागली आणि गोमा हसू लागला. ती काटा काढायला वाकली, तर तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे गं जरा. दुखतंय! दुखू दे!”

बातमी गावभर झाली, आणि तिथेच घोटाळा झाला. झोपलेले पाय जागे करणारी वेल म्हटल्यावर गप्प कोण बसतो! कंबर धरलेला धावला, टक्कल पडलेला धावला. पाटलांचं तर काहीच दुखत नव्हतं. पुढेमागे दुखेल म्हणून त्यांनी पोतं भरून घेतलं. एकेक पान खुडत बसायला सवड कुणाला होती? वेली मुळासकट उपटल्या गेल्या आणि घराघरांत पडून कुजल्या.

अखेर वैदीणबाई रिकामी टोपली घेऊन आल्या. “सगळं रान पालथं घातलं, पारू. कणवेल औषधालाही उरली न्हाई.”

हे शब्द आपण उठताबसता बोलतो. त्या दिवशी गोमाला ते शब्दशः ऐकावे लागले. नुकता जागा झालेला पाय पुन्हा झोपला तर?

दुसऱ्या सकाळी, सवय मोडू नये म्हणून, पारूने त्याला नुसताच मध चाटवला. गोमाने जीभ टाळूला लावली आणि तो चमकला.

“रस कुठनं मिळाला?”

“कुठला रस? नुसता मध हाय. काल माझ्या भावानं गिधाडकड्यावरनं आणलाय.”

“मग हा कडवटपणा कशाचा? पारू, हा कणवेलीच्या फुलांचा मध हाय! आपल्याला न्हाई गावली, पण माश्यांना गावलीया!”

गिधाडकड्यावरचं ते पोळं जुनं होतं. गोमा दर खेपेला त्यात वाटा ठेवी, म्हणून माश्यांनी ती जागा कधी सोडली नव्हती. पारूचा भाऊ पुन्हा कड्यावरून उतरला. दोर धरायला पाटलांसकट सारे आले, माना खाली घालून. माश्यांच्या मागावर तो आडबाजूच्या एका कपारीत शिरला. तिथे कणवेल हिरवीगार फुलली होती.

“पाला खुड रे!” वरून पारू ओरडली. “मुळाला हात लावू नगस!”

पुढे गोमा पुन्हा दोरावर चढला, असं मी म्हणणार नाही. पण एका सकाळी हातात काठी घेऊन, पारूच्या खांद्याला धरून, तो स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडून अंगणात आला. खडे पायाला टोचत होते. ते टोचणं त्याला इतकं गोड वाटलं, की तो बराच वेळ तिथेच उभा राहिला. गावाने कपारीतल्या वेलीचं बी आणून रानात पेरलं, आणि त्याला पाणी घालायचं काम आपणहून पाटलांनी घेतलं.

बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, एवढंच ध्यानात ठेवा: औषधापुरतं घेतलं, तरच औषधाला उरतं.