उरलेला एक

काही माणसं शिकतात ती दुसऱ्याला नीट टोचता यावं म्हणून. टाकेवाडीच्या क्रिकेट संघाचे अध्यक्ष भास्करराव धामणस्कर त्यातले. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. उद्याच्या अंतिम सामन्यात त्यांना जावई घुसवायचा होता, आणि त्यासाठी अकराव्या नंबरवर खेळणाऱ्या तुका गुरवाला काढायचं होतं. तुक्याची म्हातारी आई तर पहिल्यांदाच सामना बघायला येणार होती.

सराव संपल्यावर सगळ्यांसमोर भास्करराव म्हणाले, "तुक्या, इलेव्हन या शब्दाचं मूळ ठाऊक आहे का? दहा मोजून झाले आणि एक उरला, असा त्याचा अर्थ. तो उरलेला म्हणजे तू. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस."

तुका पायाचं पॅड सोडत होता. त्यानं विचारलं,

"सर, नक्की एक उरला असाच अर्थ आहे?"

"जन्मभर हेच शिकवलंय मी."

"मग बरोबर आहे. दहा गडी बाद झाले की एक उरतोच. त्याला आपण नाबाद म्हणतो."

कुणीतरी फिसकन हसलं. अर्थ भास्कररावांनीच सांगितला होता. शेवटी जावईच पुटपुटला, "मामा, राहू द्या. मी पाणी नेईन."

दुसऱ्या दिवशी तुका शून्यावर नाबाद राहिला. आईला धावांतलं काही कळत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "तुला कुणी बाहेर काढलं नाही ना?"