चार बोटांची कड

थांबा हो, घोरपडे! चमचा ठेवा खाली. भांडं उघडायच्या आधी बघायचं असतं. मी मूळची संगमेश्वरची, पण फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या या जुन्या गावात तीस वर्षं पाहुण्यांना फिरवतेय, आणि या खानावळीत प्रत्येकाला आधी हेच दाखवते. झाकणाभोवती कणीक लिंपली आहे ना, आपण दम देताना लावतो तशी? तिच्यावरून हात फिरवा. चार बोटांचे ठसे आहेत. अंगठ्याचा नाही.

असं सांगतात, की फार पूर्वी ही खानावळ ओडील नावाची बाई चालवायची. गाव शत्रूने जिंकलेलं. त्यांच्या सरदाराला विषाची धास्ती, म्हणून तो फक्त ओडीलच्या बंद भांड्यातलं जेवायचा. मटण, बटाटे, कांदे रचून ती झाकण लिंपायची आणि कणकेवर अंगठा दाबायची. अंगठ्यावर भाजल्याचा आडवा व्रण होता, त्यामुळे तिचा ठसा लगेच ओळखू यायचा. मग भांडं शिजायला जायचं तिच्या धाकट्या भावाच्या, मातिसच्या भट्टीत. तो गावचा पाववाला. त्याच्या मुलाला याच सरदाराने फासावर चढवलं होतं.

एका दुपारी भट्टीतून आलेलं भांडं तिने उचललं आणि कणकेची कड पाहिली. अंगठ्याचा ठसा गुळगुळीत होता, व्रणाची रेघच नाही. मातिसने भांडं उघडून पुन्हा लिंपलं होतं! बोलावं, तर भाऊ फासावर. गप्प बसावं, तर सरदार मरणार आणि सैनिक गाव पेटवणार, तशी धमकीच होती. सरदार ओरडतोय, "आण लवकर!" बिचारी काय करील हो? टेबलापाशी गेली आणि भांडं सोडून दिलं. रस्सा उडाला सरदाराच्या बुटांवर. तिने आधी पाय ठेवला तो कणकेच्या ठशावर.

"मुद्दाम पाडलंस. कुणी काय घातलं यात?"

"कुणी नाही. हात सटकला."

तीनदा विचारलं म्हणे. तिन्ही वेळा तेच उत्तर. मातिस दारातच उभा होता, पांढराफटक पडलेला.

"मग सटकणारा अंगठा हवा कशाला?" सरदार म्हणाला आणि तिथेच, टेबलावर, तलवारीने तोडला. मेल्याचा हात कसा धजावला, देव जाणे. मला सांगतानाही अंगावर काटा येतो.

पुढे सैन्य गेलं. ओडील चार बोटांनी कणीक लिंपू लागली. मातिस रडत म्हणाला, "ताई, अंगठा मी दाबतो."

"तुझा एकदा पाहिला मी," ती म्हणाली. "पुरे."

त्यानंतर मातिसने जन्मभर कणकेला अंगठा लावला नाही, असं म्हणतात. आजही इथे झाकण लिंपणारा माणूस अंगठा मुठीत मिटून घेतो. घ्या घोरपडे, आता फोडा कड. जरा जपून.