जांभूळमाळावरची दोरी

"भिंत बांधू," श्रीकर म्हणाला.

"भिंत मीच पाडीन," महाराज म्हणाले.

"मग पहारा बसवू."

"पहारेकरी माझेच."

"मग कायदा लिहू!"

"शाईसुद्धा माझीच रे."

सगळी सभा खो खो हसली. श्रीकरचे कान लाल झाले.

महाराज भोगराजांच्या राज्यात दगडी कोळसा अमाप होता. दरवर्षी ते खाणींचे नवे परवाने काढत आणि सभा मान डोलावत असे. यंदा मात्र सभेत श्रीकर होता. वय चोवीस, विद्यापीठातून नुकताच शिकून आलेला, परगण्याने मोठ्या आशेने निवडून पाठवलेला. यंदाच्या परवान्यात त्याच्याच परगण्यातला जांभूळमाळ होता. माळाच्या उतारावर एक अख्खं गाव होतं आणि खाण झाली की ते उठणार होतं. म्हणून परवान्यांना सीमा हवी, असं श्रीकर सलग दोन प्रहर सांगत होता. भाषण चाळीस पानांचं. बाविसाव्या पानावर सेनापती घोरू लागले, तेव्हा श्रीकरला वाटलं, डोळे मिटून विचार करतायत.

"तुला सीमा हवी ना?" महाराज म्हणाले. "मग आण. भिंत नको, पहारा नको, कागद नको. पण मनात आलं तरी मला ओलांडता येणार नाही अशी सीमा हवी. उद्या सकाळी घेऊन ये. नाही आणलीस तर जांभूळमाळाच्या परवान्यावर शिक्का उठेल आणि तू तुझं भाषण रोज खाणीतल्या खेचरांना वाचून दाखवशील."

"ती तरी जागी राहतील," सेनापती म्हणाले.

श्रीकर घरी आला. गारठा होता, म्हणून त्याने कोळशाची शेगडी जवळ ओढली आणि कोळशाविरुद्ध एक्केचाळिसावं पान लिहायला घेतलं. तेवढ्यात चांगुणा परटीण धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आली. राजवाड्याचे आणि सगळ्या सभासदांचे कपडे तीच धूत असे.

"मावशी, चार दिवस झाले," श्रीकर खेकसला. "एवढा वेळ लागतो का कपड्यांना?"

"लागतो, दादा. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मी कधी सांगितलं नाही." तिने शेगडीकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. ते पाहणं श्रीकरला फार लागलं. त्याने शेगडी पायाने हळूच मागे सरकवली.

"तोंड का उतरलंय?" तिने विचारलं.

श्रीकरने सगळं सांगितलं. चांगुणा ऐकता ऐकता उपरण्यांच्या घड्या घालत होती.

"एवढंच ना? उद्या मला सभेत न्या."

"तुम्ही तिथे काय बोलणार?"

"फार नाही. फार बोलायला तुम्ही आहातच."

दुसऱ्या दिवशी सभा भरली. महाराज शुभ्र अंगरख्यात ऐटीत येऊन बसले. "कुठे आहे सीमा?"

श्रीकरने चांगुणाकडे पाहिलं. चांगुणा छताकडे पाहत होती.

"नाही ना? मग शिक्का आणा!"

शिक्का सांभाळणारे वृद्ध कारभारी पुढे आले, महाराजांच्या मागे गेले आणि खोकले. पुन्हा खोकले. "महाराज, शिक्का उठवता येत नाही."

"का?"

"आपल्या पाठीवर... काळं आहे."

त्या घराण्याची रीत सगळ्यांना पाठ होती. महाराजांच्या पणजोबांनी नियम घालून दिला होता, की राजाने सभेत ताजं धुतलेलं वस्त्रच घालायचं आणि त्यावर ठिपका जरी असला तरी शिक्क्याला हात लावायचा नाही. ती रीत आजवर एकाही राजाने मोडली नव्हती आणि त्याचा भोगराजांनाच सर्वांत जास्त अभिमान होता.

"चांगुणे!" महाराज गरजले. "हे कसलं धुणं?"

"धुणं नेहमीचंच, महाराज. वाळवणं तेवढं वेगळं. काल आपल्याच गच्चीवर दोरी बांधली."

"मग रोज कुठे बांधतेस?"

"आधी गच्चीवरच बांधायची. जवळ खाण निघाली, कपड्यांवर काजळी बसायला लागली, म्हणून नदीकाठी गेले. तिथे खाण आली, तशी टेकडीवर गेले. आता तीन कोस चालून जांभूळमाळावर जाते. कपडे पांढरे राहतील अशी राज्यात तेवढीच जागा उरलीय."

महाराज सावरून बसले. "मग आणखी पुढे जा."

"पुढे शेजारच्या राजाची हद्द आहे. जाते की. ते ज्या दिवशी दोरी बांधू देतील, त्याच दिवशी आपला शिक्का उठेल."

कारभाऱ्यांना या वेळी खरोखरच खोकला आला.

"ज्या दिवशी जांभूळमाळ खणाल," चांगुणा शांतपणे म्हणाली, "तो आपल्या शिक्क्याचा शेवटचा दिवस. त्यानंतर परवाना नाही, फर्मान नाही, काही नाही. आपण सीमा मागितली होती ना, महाराज? माझी दोरीच ती सीमा. भिंत नाही, पहारा नाही, कागदही नाही. ओलांडून बघा."

महाराजांनी अंगरख्याची पाठ पाहण्यासाठी मान वळवली. ती पुरेना, म्हणून ते स्वतःभोवतीच दोनदा फिरले. मग मात्र त्यांना असं हसू फुटलं, की सेनापती दचकून जागे झाले.

"परवाना फाडा!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "दोरीपलीकडे एक कुदळ पडणार नाही. आणि इथून पुढे खाणीची गोष्ट निघेल तेव्हा चांगुणा सभेत बसेल. बोल बाई, आणखी काय हवं?"

"माझं गाढव थकलंय, महाराज."

"दोन तरणी गाढवं दिली."

"ती बाजारातून यायला चार दिवस लागतील. आणि आपला हा अंगरखा तर आजच पुन्हा धुऊन माळावर न्यायला हवा."

सगळ्या सभेचे डोळे एकाच माणसाकडे वळले. श्रीकरने चाळीस पानं कमरेला खोचली, महाराजांनी उतरवलेला अंगरखा चांगुणाच्या मळक्या कपड्यांच्या गाठोड्यात बांधला आणि गाठोडं उचललं.

"मावशी," दाराशी पोचता पोचता तो म्हणाला, "वाटेत तुम्हाला भाषण वाचून दाखवू का?"

"चढ आहे, दादा. दम राखा."

महाराजांचं हसणं त्या दोघांना वेशीपर्यंत ऐकू येत होतं.